टॉम आणि जेरी नेमके कधी घसरले, आणि कशामुळे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. लहानपणी टॉम आणि जेरीचे सगळेच भाग आपल्याला सारखे आवडत असत. आता नऊ वर्षांच्या मुलीला सोबत घेऊन ते पुन्हा पाहताना काही भाग अप्रतिम वाटतात, काही चमत्कारिक वाटतात आणि काही इतके निर्जीव वाटतात की मुलगी मध्येच उठून जाते. आपल्या भावाचे म्हणणे असे की अ‍ॅनिमेशनची कला १९५० नंतर दर दशकाला खालावतच गेली. आपल्याला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. आणि मुलीला नेमके कोणते भाग दाखवावेत, हेही आपण विचारले आहे.

मी १९८०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सेलवर, म्हणजे ज्यावर पात्रे काढतात त्या पारदर्शक पत्र्यावर, रंग भरण्याच्या कामापासून सुरुवात केली. पुढे इन-बिट्वीनर, म्हणजे मुख्य मुद्रांच्या मधली रेखाटने काढणारा, मग अ‍ॅनिमेटर झालो आणि गेली काही वर्षे विद्यार्थ्यांना टायमिंग, म्हणजे कोणती हालचाल किती वेळात व्हावी ते, शिकवतो. शिकवताना टॉम आणि जेरी हेच माझे मुख्य साधन असते, कारण तीच दोन पात्रे सात-आठ वेगवेगळ्या काळांतून, वेगवेगळ्या हातांतून आणि वेगवेगळ्या अंदाजपत्रकांतून गेली आहेत. आपल्या भावाचे निरीक्षण खरे आहे. त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. पडद्यावरच्या रेखाटनांची संख्या घटत गेली, हे निर्विवाद आहे. पण टॉम आणि जेरी एकदा नव्हे, तीनदा घसरले, आणि तिन्ही वेळची कारणे एकमेकांपासून अगदी भिन्न होती. ती एकत्र कालवली की ‘कला खालावली’ असे सरसकट विधान हाती येते आणि त्यातून काहीच उमगत नाही.

आपल्याकडे हा गोंधळ अधिक होतो, त्याला एक साधे कारण आहे. अमेरिकन प्रेक्षकाने हे लघुपट जसे बनत गेले तशा क्रमाने पाहिले. आपल्या घरांत कार्टून नेटवर्क १९९५ साली केबलवरून आले आणि १९४३चा लघुपट, १९६२चा लघुपट आणि १९७५ची मालिका एकाच दुपारी, एकामागोमाग एक दिसू लागली. त्यामुळे मराठी प्रेक्षकाच्या मनात ‘जुने टॉम अँड जेरी’ नावाची एकच मोठी पेटी आहे आणि तिच्यात तीस-पस्तीस वर्षांचा माल बिनतारखेचा पडलेला आहे. आधी तो तारखेप्रमाणे लावून घेऊ.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांचा पहिला लघुपट १९४० सालचा. त्यात मांजराचे नाव जॅस्पर होते आणि उंदराला पडद्यावर नावच नव्हते. तिथपासून १९५८पर्यंत एमजीएम या अमेरिकन चित्रपट कंपनीसाठी या दोघांनी ११४ लघुपट केले, म्हणजे वर्षाला साधारण सहा. त्यांपैकी सात लघुपटांना ऑस्कर मिळाले. हे आकडे अनेकांना पाठ असतात, पण वर्षाला सहा या वेगाचा अर्थ फार थोडे लोक लक्षात घेतात. सात मिनिटांच्या लघुपटात, सेकंदाला चोवीस या हिशेबाने, १०,०८० फ्रेम म्हणजे स्थिरचित्रे असतात. प्रत्येक रेखाटन दोन फ्रेम धरले तरी एका पात्राच्या सुमारे पाच हजार अवस्था होतात; दोन पात्रे सतत पडद्यावर असतील तर ते दहा हजारांच्या घरात जाते, आणि पळापळीच्या जागी तर दर फ्रेमला नवे रेखाटन लागते. हे सगळे कागदावर पेन्सिलीने, मग सेलवर शाईने, मग मागच्या बाजूने रंगाने. केनेथ म्यूज, आयर्व्हन स्पेन्स, एड बार्ज, रे पॅटरसन या मोजक्या अ‍ॅनिमेटरांना हे करायला वेळ मिळत असे आणि त्या वेळाचे पैसेही मिळत असत.

वेळ आणि पैसा असूनही भिकार काम करणारे स्टुडिओ त्याही काळात होते, म्हणून त्यापलीकडचे जे होते ते नीट पाहायला हवे. बार्बेरा विनोद रचत आणि झपाट्याने चित्रांतून मांडत. हॅना त्याचे टायमिंग ठरवत. हॅनांचे टायमिंग संगीताच्या मात्रांवर बांधलेले असे. टॉम किती फ्रेममध्ये वळेल, किती फ्रेम थबकेल, इस्त्री डोक्यावर कुठल्या ठोक्याला आदळेल हे रेखाटन सुरू होण्याआधी तक्त्यावर लिहिलेले असे, आणि त्याच तक्त्यावरून संगीतकार स्कॉट ब्रॅडली संपूर्ण वाद्यवृंदासाठी संगीत लिहीत. तबलजीला सम कुठे येणार हे आधीच ठाऊक असते, म्हणून तो मधल्या जागेत मोकळा खेळू शकतो; इथेही तसेच होते. १९४६ सालासाठीचे ऑस्कर मिळालेला ‘द कॅट कॉन्सर्टो’ पाहा. टॉम पियानोवर लिस्टची हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवतो आहे आणि जेरी पियानोच्या आत झोपलेला आहे. आपण हसतो ते धडपडीला; पण त्याआधी टॉम पियानोसमोर कसा बसतो आणि श्रोत्यांकडे पाहण्याचीही ज्याला गरज वाटत नाही अशा वादकाचा रुबाब कसा आणतो, ते खरे अभिनयाचे काम आहे. ते जमले नसते तर पुढची धडपड नुसती आदळआपट ठरली असती.

या सुवर्णकाळातही काटकसर होतीच, आणि तिने कलेचे भले केले. १९४०चा टॉम अंगावर केसांचे झुपके, कपाळावर सुरकुत्या आणि नको इतक्या रेषा घेऊन वावरतो. दर रेषा दर रेखाटनात पुन्हा काढायची असते. रेषा म्हणजे खर्च. पुढच्या चार-पाच वर्षांत त्या रेषा गळत गेल्या आणि टॉम सुटसुटीत, गुळगुळीत झाला. त्यामुळे काम स्वस्त झालेच, शिवाय शरीर ताणणे, चेपणे, घडी घालणे सोपे झाले. त्याच सुमारास टेक्स एव्हरी हे दुसरे कार्टून दिग्दर्शक एमजीएममध्ये आले होते. त्यांच्या लघुपटांच्या बेभान वेगाने हॅना-बार्बेरा यांनाही वेग वाढवणे भाग पडले. म्हणून १९४३ ते १९५२ हा काळ मी शिखर मानतो. १९५४पासून रुंद पडद्यासाठी काम सुरू झाले, पार्श्वभूमी सपाट आणि आकृतिप्रधान होत गेली, बाह्यरेषा जाड झाली. त्यात यूपीए या दुसऱ्या अमेरिकन स्टुडिओच्या आधुनिक चित्रशैलीची छाया आहे. यूपीएचा सपाटपणा ही त्यांची निवड होती, त्यामागे विचार होता; एमजीएमने तो अंगावर घेतला तेव्हा तो काहीसा उसना वाटतो. आपल्या भावाला १९५०नंतर खटकू लागते ते बहुधा इथून.

मग पहिली मोठी घसरण आली आणि तिचा चित्रकारांशी काहीही संबंध नव्हता. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात निकाल दिला आणि चित्रपटगृहांच्या गळ्यात चित्रपटांचे गठ्ठेच्या गठ्ठे बांधण्याची मोठ्या कंपन्यांची पद्धत मोडीत निघाली. मुख्य चित्रपटाआधी दाखवायच्या लघुपटाला आजवर जो हमखास ग्राहक होता, तो राहिला नाही. पाठोपाठ दूरचित्रवाणी घरोघर पोहोचली. एमजीएमच्या हिशेबनिसांच्या लक्षात आले की जुने लघुपट पुन्हा प्रदर्शित केले तरी नव्यांच्या जवळजवळ बरोबरीने पैसे येतात. मग नवे करायचे कशाला? १९५७ साली एमजीएमचा कार्टून विभाग बंद झाला; तयार असलेले शेवटचे लघुपट १९५८पर्यंत प्रदर्शित होत राहिले. सात ऑस्कर मिळवून देणारी माणसे बेकार झाली.

त्याच वर्षी हॅना आणि बार्बेरा यांनी स्वतःचा स्टुडिओ काढून दूरचित्रवाणीसाठी काम सुरू केले. एमजीएममध्ये सात मिनिटांच्या लघुपटाला साधारण चाळीस हजार डॉलर किंवा त्याहून अधिक खर्च होत असे. दूरचित्रवाणीने पाच मिनिटांसाठी सुमारे तीन हजार देऊ केले. मिनिटामागे हिशेब केला तर जवळजवळ दहापट फरक पडतो. इथेच माझा आपल्या भावाशी मुख्य मतभेद आहे. माणसे तीच होती आणि त्यांची बुद्धीही तीच होती. त्यांच्या दूरचित्रवाणी मालिकेतल्या योगी बेअर या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय आहे तो शोभेसाठी नव्हे. कॉलरच्या रेषेवर डोके आणि धड वेगळ्या सेलवर काढता येतात, म्हणजे धड स्थिर ठेवून नुसते डोके हलवता येते आणि सांधा दिसत नाही. त्यांच्याच फ्रेड फ्लिंटस्टोन या पात्राच्या टायचेही काम तेच. ही लबाडी नसून कारागिरी होती.

याहून महत्त्वाची गोष्ट पडद्यामागची आहे. एमजीएममध्ये पूर्ण अ‍ॅनिमेशन सुरू करण्याआधी हे दोघे ‘पोझ रील’ बनवत, म्हणजे फक्त मुख्य मुद्रांची रेखाटने ठरलेल्या टायमिंगने चित्रित करून विनोद उभा राहतो का ते तपासत. त्या कच्च्या रीळालाही लोक हसत असत. दूरचित्रवाणीच्या तुटपुंज्या पैशांत त्यांनी जवळजवळ तेच केले: मधली रेखाटने काढून टाकली, मुद्रा आणि टायमिंग ठेवले, आणि हालचालीची उणीव संवादांनी व आवाजाच्या कलाकारांनी भरून काढली. मी विद्यार्थ्यांना आजही हाच स्वाध्याय देतो. चोवीस रेखाटनांची एक उडी करायची. मग त्यातली निम्मी काढायची, मग त्यांतली निम्मी, आणि प्रत्येक वेळी पेन्सिल टेस्ट, म्हणजे कच्च्या रेखाटनांची चित्रफीत, पाहायची. मुद्रा बोलक्या असतील आणि थांबण्याच्या जागा अचूक असतील, तर सहा रेखाटनांवरही उडी जिवंत राहते. नसतील, तर चोवीसही मेलेलीच असतात आणि फक्त अधिक सफाईने मेलेली असतात. सुरुवातीला हे पाहून विद्यार्थी नाराज होतात, कारण गुळगुळीत हालचाल म्हणजेच चांगले अ‍ॅनिमेशन असे त्यांना वाटत असते. चाहत्यांच्या वादांतही याच समजुतीचा घोळ असतो.

आता ज्या भागांना आपण चमत्कारिक म्हणता, त्यांच्याकडे येतो; ही दुसरी घसरण. ते बहुधा १९६१-६२चे तेरा लघुपट असणार. एमजीएमला पुन्हा नवे लघुपट हवे होते, पण स्वस्तात. म्हणून ते काम जीन डाइच या अमेरिकन दिग्दर्शकाकडे गेले, आणि डाइच काम करीत होते प्रागमध्ये. प्रत्येक लघुपटाला मिळाले सुमारे दहा हजार डॉलर. पण केवळ पैशांनी या लघुपटांचे विचित्रपण समजत नाही. डाइच यांच्या ‘मन्रो’ या लघुपटाला त्याआधीच ऑस्कर मिळालेले होते. चेक चित्रकारही उत्तम परंपरेतले होते. अडचण ही की पोलादी पडद्याआडच्या त्या चित्रकारांना टॉम आणि जेरी जवळजवळ अपरिचित होते. नमुन्यादाखल काही थोडे जुने लघुपट पाहून त्यांना या पात्रांत शिरायचे होते. एखाद्या गायकाने दोन-चार ध्वनिमुद्रिका ऐकून परक्या घराण्याची गायकी मांडावी, तसे ते झाले. टॉम पडतो, पण पडण्याआधी त्याच्या लक्षात येण्याचा जो क्षण असतो, तो नाही. संगीत आणि आवाज घुमणारे, रिकाम्या हौदातून आल्यासारखे. वाद्यवृंदाची ती सततची सोबत गेलेली. बालपणी हे भाग पाहताना अनेकांना नकळत भीती वाटायची, त्याचे मूळ या आवाजांत आहे. तरीही हे तेरा लघुपट मी कधीच टाकाऊ म्हणणार नाही. परक्या भाषेतला उच्चार चुकावा तशी त्यांची चूक आहे, आणि अशा चुकीतून मूळ भाषेचे नियम विद्यार्थ्याला फार स्पष्ट दिसतात.

१९६३पासून चक जोन्स आले. वॉर्नर ब्रदर्सकडे रोडरनर हा पक्षी आणि त्याच्या मागे लागणारा कायोटी घडवलेले हे दिग्दर्शक. मॉरिस नोबलसारखे मांडणीकार त्यांच्यासोबत. १९६७पर्यंत त्यांनी ३४ लघुपट केले. रेखाटन सुरेख, रंगसंगती उत्कृष्ट, पार्श्वभूमी पाहत राहावी अशी. इथे पैशांची चणचण हे कारण पुढे करता येत नाही, आणि ओळख नसल्याचेही नाही. तरी काहीतरी निसटते. जोन्स यांचा विनोद विचार करणाऱ्या पात्राचा आहे: कायोटी कड्यावरून पुढे जातो, थांबतो, प्रेक्षकाकडे पाहतो, आणि मग पडतो. टॉम हा मुळात विचार करणारा नाही. तो संतापणारा, लोभावणारा आणि कळवळून ओरडणारा प्राणी आहे, आणि ती किंकाळी हॅना यांच्या स्वतःच्या घशातून आलेली होती. जोन्स यांनी त्याला जाड भुवया दिल्या, जेरीला मोठे कान आणि गोजिरे डोळे दिले, आणि दोघेही गोड झाले. जोन्स यांनी स्वतःच पुढे मान्य केले होते की ही पात्रे आपल्याला हॅना-बार्बेरा यांच्याइतकी समजली नव्हती. मोठ्या कलावंताचा हा प्रांजळपणा मला फार मोलाचा वाटतो. या घसरणीला घसरण म्हणावे का, याविषयी माझे मत अनेकदा बदलले आहे; आज मी तिला स्वभावांतर म्हणेन.

तिसरी घसरण आणि खरा तळ १९७५चा. आणि गंमत नव्हे, दुःख असे की हे काम पुन्हा हॅना-बार्बेरा यांच्याच स्टुडिओतले होते. आपली मुलगी मध्येच उठून जाते ते भाग हेच असणार; जेरीच्या गळ्यात लाल बो असेल तर खात्रीच समजा. मुलांच्या कार्यक्रमांतील हिंसेविरुद्ध अमेरिकेत १९६८पासून पालकांच्या संघटना उभ्या राहिल्या होत्या आणि दूरचित्रवाणी वाहिन्यांनी मारामारीवर कडक बंधने घातली होती. परिणामी टॉम आणि जेरी मित्र झाले, एकत्र प्रवासाला जाऊ लागले, स्पर्धांत भाग घेऊ लागले. पालकांच्या काळजीला मी तुच्छ लेखत नाही. कुऱ्हाड, सुरुंग आणि बंदुकीच्या विनोदांनी भरलेल्या सकाळच्या कार्यक्रमांविषयी त्यांना वाटलेली चिंता समजण्यासारखी होती. पण ज्या जोडीची सगळी रचना पाठलागावर उभी आहे, तिचा पाठलागच काढून घेतल्यावर टायमिंग लावायचे कशाला? थबकण्याला अर्थ येतो तो पुढे काही आदळणार असते म्हणून. त्यात एका हंगामात अठ्ठेचाळीस कथा पुरवायच्या होत्या. पूर्वी जे अठरा वर्षांत ११४ झाले होते, त्याशी हा वेग ताडून पाहा. पोझ रीलची युक्ती इथे चालली नाही, कारण कमी रेखाटनांवर उभा राहील असा विनोदच शिल्लक नव्हता. पैसा कमी होता म्हणून ही मालिका निर्जीव झाली असे म्हणणाऱ्यांनी तिच्याशेजारी १९६०च्या आसपासचे योगीचे भाग लावून पाहावेत. ते स्वस्तच होते आणि जिवंत होते.

त्यापुढचा काळ मी थोडक्यात सांगतो. १९८०ची फिल्मेशन या स्टुडिओची मालिका, १९९०ची बालरूपातली मालिका आणि १९९२चा तो चित्रपट, ज्यात दोघे बोलतात आणि गातात, यांत अधूनमधून बऱ्या जागा आहेत, एवढेच. टॉमला वाचा देणे ही मला व्यक्तिशः सगळ्यांत मोठी चूक वाटते. जुन्या लघुपटांत तो क्वचित बोलतो तेव्हा त्या एका वाक्याचाच विनोद होतो. सतत बोलू लागल्यावर शरीराला बोलण्याचे कारण उरत नाही.

आमच्या पिढीने हा चढउतार मुंबईत बसून वेगळ्या बाजूने अनुभवला. डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ साली फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपट संस्थेच्या कार्टून विभागात शिकवायला आले आणि त्यांच्याकडून राम मोहन यांच्यासारख्यांनी पूर्ण अ‍ॅनिमेशनची शिस्त घेतली. तीच शिस्त पुढे झिरपत आमच्यापर्यंत आली. म्हणजे आम्ही शिकलो ते चाळीस हजार डॉलरच्या काळातले व्याकरण, आणि आमच्या हाती काम आले ते आठवड्याला अमुक इतके फूट फिल्म पूर्ण झालेच पाहिजे अशा अटीचे. एका ठिकाणी मला एका पात्राचे पंधरा सेकंदांचे काम दोन दिवसांत उरकायला सांगितले होते. मी तीन मुद्रा नीट काढल्या, उरलेले सगळे त्यांच्यावर तोलले, आणि त्या रात्री हॅना-बार्बेरा यांच्या १९५७मधल्या निर्णयाचे मोल मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळले.

आजच्या डिजिटल भागांविषयी आपण काही लिहिलेले नाही, पण मुलगी तेही पाहत असेल. २०१४नंतरच्या मालिकेत पात्रे तयार अवयव जोडून हलवलेली आहेत. तिथे मधल्या अवस्था संगणक फुकट भरून देतो, त्यामुळे हालचाल कधीच खंडित होत नाही. पण सगळ्या हालचालींचा वेग सारखाच होण्याचा धोका असतो. पूर्वी इन-बिट्वीन महाग होते म्हणून कुठे ठेवायचे याचा विचार करावा लागे. आता ते स्वस्त झाले, आणि तो विचार आपणहून करणारा अ‍ॅनिमेटर लागतो. त्या मालिकेत असे अ‍ॅनिमेटर होते. काही भागांत त्यांचा हात स्पष्ट दिसतो.

मुलीसाठी माझी निवड अशी: प्रथम ‘द कॅट कॉन्सर्टो’, मग ‘द यँकी डूडल माउस’, मग ‘माउस ट्रबल’. तिन्ही ऑस्करप्राप्त आहेत, पण मी ते निवडतो त्यांतल्या थबकण्याच्या जागांसाठी. काही जुन्या लघुपटांत कृष्णवर्णीय मोलकरणीचे जे चित्रण आहे ते अपमानकारक आहे. तसा भाग लागला तर तो न बोलता पुढे ढकलण्यापेक्षा तिला त्या काळाविषयी दोन शब्द सांगावेत, नऊ वर्षांच्या मुलीला ते समजते. नंतर डाइच यांचा एखादा आणि जोन्स यांचा एखादा. आणि भाऊ घरी आले की ‘द कॅट कॉन्सर्टो’ आवाज बंद करून लावा, त्याच्यापाठोपाठ लाल बो असलेला एखादा भागही तसाच लावा, आणि प्रत्येकात टॉम पूर्ण निश्चल असा किती वेळा उभा राहतो आणि त्यानंतर लगेच काय घडते, एवढेच दोघांनी कागदावर टिपा.